पोटहिस्सा

माझे वडील दारव्हा तालुक्यातल्या एका सज्जाचे कोतवाल होते. दवंडी देणे, नोटिसा घरोघर पोचवणे आणि तलाठ्यांचे दप्तर चावडीतून तहसिलीत नेणे-आणणे ही त्यांची कामे. दप्तराचे लाल रुमाल परत बांधताना गाठ नेमकी कुठे मारायची हे त्यांनी मला दहाव्या वर्षी शिकवले होते आणि सुटीच्या दिवशी ते काम माझ्याकडे असे. बांधण्यापूर्वी मी आतली पाने वाचत बसे. सातबाऱ्यावर एका गटाखाली चार-पाच नावे असत, नावांपुढे प्रत्येकाचे क्षेत्र असे आणि खाली त्याच वावरातली पिके हंगामवार उतरवलेली असत. दुसऱ्या रुमालात आठ-अची खाती असत. तिथे माणूस वर आणि त्याच्या नावावरचे गावातले सगळे गट त्याच्याखाली. एकच गोष्ट दोन ठिकाणी का लिहायची, असे मी एकदा विचारले तेव्हा बाबा म्हणाले, “वावराले इचारलं तर सातबारा सांगते, माणसाले इचारलं तर आठ-अ सांगते. इचारणारा कोन हाय, त्याच्यावर हाय बेटा.”

पुढे अमरावतीला संगणकाचे शिक्षण झाले, पुण्यात नऊ वर्षे डेटाबेसची नोकरी झाली आणि आता पाच वर्षांपासून मी परत गावाकडे आहे. आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांची, त्यांच्या वावरांची आणि पिकांची नोंद ठेवणे हे माझे काम. काम दिवसभर एस्क्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, चालते, आणि बाबांचे ते वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी आठवतेच, कारण ज्या प्रश्नाशी एस्क्यूएल ही भाषा गेली पन्नास वर्षे झगडते आहे तो प्रश्न त्या दोन रुमालांमधलाच आहे. एका नोंदीच्या पोटात दुसऱ्या नोंदी असतील, त्यांच्याही पोटात आणखी असतील, तर सरळ रांगा आणि रकाने एवढेच ओळखणाऱ्या भाषेने त्यांच्याबद्दल विचारायचे कसे?

आपल्या महसुली मराठीत ‘पोट’ हा शब्द फार उपयोगाचा आहे. जमिनीच्या तुकड्याच्या आतला तुकडा म्हणजे पोटहिस्सा, लागवडीखाली न येणारा आतला भाग म्हणजे पोटखराब, कलमाच्या आतले कलम म्हणजे पोटकलम. संगणकाच्या जगात ज्याला नेस्टेड डेटा म्हणतात त्याच्यासाठी मला नवा शब्द कधी शोधावा लागला नाही. ती पोटनोंद आहे, आणि गावातल्या कोणत्याही माणसाला ती एका वाक्यात समजते.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सपाट टेबलांची सगळी कल्पना तिथून आली हे शिकवले जाते. मात्र त्या निबंधातले एक उदाहरण पोटनोंदीचेच आहे हे फारसे सांगितले जात नाही. एक कर्मचारी आहे, त्याच्या पोटात त्याच्या मुलांची यादी आणि त्याने भूषवलेल्या पदांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातल्या प्रत्येक पदाच्या पोटात पगाराचा इतिहास आहे. कॉड यांनी हे झाड आधी पूर्ण मांडले आणि मग फांदी-फांदी करून सोडवले. प्रत्येक फांदीचे स्वतंत्र टेबल केले आणि लेकराच्या नावापुढे बापाचे नाव लावावे तशी वरच्या नोंदीची ओळख खालच्या प्रत्येक रांगेत नेऊन ठेवली.

त्यांनी असे का केले याचे कारण मला त्या निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते. त्या काळात माहिती झाडाच्याच आकारात ठेवली जाई. आयबीएमचीच आयएमएस ही प्रणाली अपोलो मोहिमेच्या यानाच्या हजारो सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी उभी राहिली होती आणि तिच्यात वरची नोंद, तिच्याखाली दुसरी, अशी उतरंड होती. कॉड यांनी सुटे भाग आणि प्रकल्प यांचेच उदाहरण घेतले. सुटे भाग प्रकल्पांच्या पोटात ठेवता येतात, प्रकल्प सुट्या भागांच्या पोटातही ठेवता येतात. एका रचनेवर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या रचनेवर चालत नाही. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुण्याच्या त्या कचेरीत मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. सातबाऱ्यासाठी लिहिलेला प्रोग्राम आठ-अवर चालणार नाही, एवढेच ते म्हणत होते. उतरंड जमिनीत नसते, ती विचारणाऱ्याच्या प्रश्नात असते, म्हणून साठवताना कोणाचीच उतरंड धरू नये.

१९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या मॉडेलसाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली, तिचेच पुढे एस्क्यूएल झाले आणि १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण ठरली. टेबल घ्यायचे आणि टेबलच द्यायचे, हा तिचा नेम. या नेमामुळे एका क्वेरीचे, म्हणजे एका प्रश्नाचे, उत्तर दुसऱ्या क्वेरीला खाऊ घालता येते, आणि त्या गुणासाठी मी या भाषेची आजही ऋणी आहे. अडचण येते ती एकाच नोंदीच्या पोटात दोन वेगवेगळ्या याद्या असल्या की.

एक वावर जवळून पाहू. गट ११८, क्षेत्र २ हेक्टर ४० आर. तीन भाऊ खातेदार, प्रत्येकाचे ८० आर. खरिपात १ हेक्टर ६० आरवर कपाशी आणि तूर मिश्र, उरलेल्या ८० आरवर सोयाबीन. सोयाबीन निघाल्यावर त्याच ८० आरवर रब्बीचा हरभरा. मिश्र पिकाच्या पोटात पुन्हा दोन पिके आहेत: कपाशीच्या आठ तासांमागे, म्हणजे पेरणीच्या ओळींमागे, तुरीचे दोन तास, म्हणजे १ हेक्टर २८ आर कपाशी आणि ३२ आर तूर. कॉड यांच्या रीतीने याची तीन टेबले झाली: वावर, खातेदार, पिके, मिश्र पिकाचे घटक धरले तर चार.

आता गटाची सगळी माहिती एका क्वेरीत हवी म्हणून वावराला खातेदार जोडले आणि पिकेही जोडली, तर उत्तरात तीन खातेदार गुणिले तीन पिके अशा नऊ रांगा येतात. पहिला भाऊ कपाशीसोबत, पहिला भाऊ सोयाबीनसोबत, पहिला भाऊ हरभऱ्यासोबत, आणि तसेच दुसरे दोघे. त्या तिघांनी पिके वाटून घेतलेली नाहीत, वावर सामाईक आहे, आणि तरी टेबल पाहणाऱ्याला वाटते की प्रत्येक नावाचे प्रत्येक पिकाशी स्वतंत्र नाते आहे. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज मागितली तर नऊ वेळा ८० आर, म्हणजे ७ हेक्टर २० आर. अडीच हेक्टरही नसलेले वावर कागदावर तिप्पट झाले. पिकांच्या बाजूने पाहिले तरी तेच: पेरलेले क्षेत्र दोन्ही हंगाम मिळून ३ हेक्टर २० आर, आणि बेरीज सांगते ९ हेक्टर ६० आर.

एस्क्यूएलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार कधी ना कधी पाहिलेला असतो. प्रत्येक यादीची बेरीज आधी स्वतंत्र करून मग जोडणे हा त्यावरचा उपाय सगळ्यांना येतो, मीही तो वर्षानुवर्षे करत आले. पण माझी तक्रार आहे ती अशी की, चूक झाली तरी भाषा गप्प राहते. दोन सख्ख्या याद्यांचा एकमेकींशी संबंध नाही, दोघींचा संबंध फक्त वावराशी आहे, ही साधी गोष्ट सांगायला सपाट एस्क्यूएलमध्ये जागाच नाही. सातबाऱ्याच्या कागदावर ती आपोआप सांगितली जाते: नावे वरच्या भागात, पिके खालच्या भागात, आणि मधली रेघ.

ही उणीव जुनीच माहीत होती. १९७७ मध्ये जपानचे माकिनोउची यांनी टेबलाच्या रकान्यात टेबल ठेवू द्यावे अशी मांडणी केली. १९८२ मध्ये आयबीएमच्या हायडेलबर्ग केंद्रातल्या येश्के आणि शेक यांनी त्यासाठी दोन क्रिया दिल्या, नेस्ट आणि अननेस्ट. नेस्ट म्हणजे सारख्या रांगा एकत्र करून त्यांचा उरलेला भाग एका रकान्याच्या पोटात घालणे, आणि अननेस्ट म्हणजे पोटातले बाहेर काढून पुन्हा सपाट मांडणे. १९८७ मध्ये रॉथ, कोर्थ आणि बेटोरी यांनी अशा पोटनोंदींसाठी एस्क्यूएलचा विस्तारच सुचवला. प्रमाण एस्क्यूएलमध्ये १९९९ साली याद्यांसाठी अ‍ॅरे आले, २००३ साली मल्टीसेट, म्हणजे क्रम नसलेल्या याद्या, आले, आणि २०१६ साली जेसनसाठीची, म्हणजे पोटनोंदी मजकुरात लिहायच्या पद्धतीसाठीची, भाषा आली. मधल्या काळात आमच्यासारख्यांच्या हातात पोस्टग्रेस हा डेटाबेस होता. त्यात २०१४ मध्ये जेसन साठवायचा जेसनबी हा प्रकार आला आणि पोटनोंद जशीच्या तशी एका रकान्यात ठेवणे फार सोपे झाले.

लेखनाच्या दृष्टीने या सगळ्यांतली सर्वांत देखणी कल्पना मला फ्रॉमच्या, म्हणजे माहिती कुठून घ्यायची हे सांगणाऱ्या, ओळीतली वाटते. जुन्या एस्क्यूएलमध्ये फ्रॉमनंतर फक्त टेबलांची नावे येत. नव्या रीतीत आधी एका टेबलाला नाव द्यायचे आणि त्याच ओळीत, स्वल्पविरामानंतर, त्या नावाच्या पोटात हात घालायचा. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची आणि रकान्यांची नावे देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे आमच्या टेबलाचे नाव खरोखरच ‘वावर’ आहे, आणि एस्क्यूएल प्लस प्लस किंवा पार्टीक्यूएल या पोटनोंदींसाठी वाढवलेल्या भाषांच्या धर्तीवर ही ओळ लिहिली तर ती अशी दिसते:

फ्रॉम वावर व, व.पिके पी

वावर घ्या, त्याला ‘व’ म्हणा; आणि त्याच वावराच्या पिकांतले एकेक पीक घ्या, त्याला ‘पी’ म्हणा. इथे जॉइनची, म्हणजे टेबले जोडायची, अट लिहावी लागत नाही, कारण पीक कोणत्या वावराचे हे ओळखीच्या क्रमांकावरून शोधायचे नसून ते त्या वावराच्या पोटातच आहे. आणखी एक थर खाली उतरायचे असेल तर ‘पी.घटक घ’ एवढे पुढे लिहिले की मिश्र पिकातली कपाशी आणि तूर हाताशी येते. ज्या चेंबरलिन यांनी १९७४ मध्ये मूळ भाषा मांडली त्यांनीच २०१८ मध्ये एस्क्यूएल प्लस प्लस शिकवणारे पुस्तक लिहिले, ही गोष्ट मला आवडते. चव्वेचाळीस वर्षांनी माणूस आपल्याच भाषेचे पोट उघडून दाखवतो आणि ते कसे वापरायचे हे नवशिक्यांना शिकवायला बसतो.

आमच्या पीकनोंदी मोबाईलवरच्या अर्जातून येतात आणि अर्ज मुळातच पोटनोंदीचा असतो, म्हणून मी त्या जेसनबीच्या रकान्यात तशाच ठेवल्या होत्या. खातेदारांचे टेबल मात्र वेगळे ठेवले, कारण रकान्यातल्या यादीच्या आत असलेल्या नावाला पोस्टग्रेस सभासदांच्या टेबलाशी फॉरेन कीने, म्हणजे तिथे असलेलेच नाव इथे चालेल अशा अटीने, बांधू शकत नाही, आणि माणसाच्या ओळखीबाबत मला ढिलाई नको होती. पिकांबाबत ती ढिलाई मी चालू दिली, आणि तिची किंमत लवकरच कळली: एका अर्जात ‘कपाशी’, दुसऱ्यात ‘कापूस’, तिसऱ्यात ‘पऱ्हाटी’, आणि क्षेत्र कुठे हेक्टरमध्ये तर कुठे एकरांत. हे निस्तरता येते, मी ते निस्तरले. ज्या चुकीबद्दल मला लिहायचे आहे ती वेगळी आहे.

त्या वर्षी पावसाने उघडीप दिली आणि आमच्या भागात खरिपाची पहिली पेरणी अनेकांची मोडली. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी दुबार पेरणी केली. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांनी वावर पडीत ठेवले. दसऱ्यानंतर कंपनीने रब्बीसाठी सवलतीत हरभऱ्याचे बियाणे द्यायचे ठरवले आणि सभासदांची यादी काढायचे काम माझ्याकडे आले: नाव, गट, खरिपात काय होते, किती क्षेत्र रिकामे होणार. मी वरच्यासारखीच ओळ लिहिली. पोस्टग्रेसमध्ये ती जेसनबीच्या यादीतले घटक काढणाऱ्या फंक्शनसह लिहावी लागते, पण रूप तेच: वावर, स्वल्पविराम, वावराची पिके. उत्तर लगेच आले, बेरजा जुळल्या, कोणताही इशारा नव्हता, आणि यादी छापून कार्यालयाच्या भिंतीवर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या गावचे एक म्हातारे शेतकरी आले. चष्म्याला दोरी बांधलेली, हातात सातबाऱ्याची घडी. त्यांनी भिंतीवरच्या यादीवर बोट ठेवून वरून खालपर्यंत सगळी नावे वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि मला म्हणाले, “पोरी, माहं नाव कुठी हाय यात? वावर पडीत ठेवलं म्हणून मी काई गाव सोडून गेलो नाही.”

मी संगणकावर त्यांचा गट शोधला. नोंद होती. क्षेत्र होते, खातेदार म्हणून त्यांचे नाव होते, पाहणीची तारीखही होती. पिकांच्या रकान्यात रिकामी यादी होती, कारण त्या हंगामात वावरात काहीच उभे नव्हते. माझी क्वेरी वावर घेत होती आणि त्याच्या पोटातले एकेक पीक पुढे करत होती. पोटात काही नसेल तर पुढे करायला काही उरत नव्हते, आणि पिकाबरोबर वावरही उत्तरातून जात होते, वावराबरोबर माणूस. त्या यादीतून असे अकरा सभासद गळले होते. बियाण्याची सर्वांत जास्त गरज ज्यांना होती नेमके तेच अकरा.

दुपारी मी येश्के आणि शेक यांच्या त्या निबंधाकडे परत गेले. नेस्ट करून मग अननेस्ट केले तर मूळ टेबल परत मिळते. आधी अननेस्ट करून मग नेस्ट केले तर मूळ टेबल परत मिळेलच असे नाही. परीक्षेसाठी मी हे कधी काळी पाठ केले होते. त्या नियमामागच्या कारणांपैकी एक कारण म्हणजे रिकामी यादी: अननेस्ट करताना रिकाम्या पोटाची रांग नाहीशी होते, आणि जी रांगच उरली नाही तिला कोणताही नेस्ट परत आणू शकत नाही. माझ्यासमोर तो नियम दोरीच्या चष्म्यातून यादी वाचत उभा राहिला होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. स्वल्पविरामाच्या जागी लेफ्ट जॉइन लॅटरल, आणि शेवटी ऑन ट्रू, म्हणजे पोटात काही मिळो न मिळो, वरची रांग ठेवायची. पोस्टग्रेसमध्ये लॅटरल २०१३ पासून आहे, म्हणजे साधन माझ्या हातात होतेच. यादी पुन्हा छापली, अकराही जणांना फोन केले, बियाणे सगळ्यांना मिळाले. पण ती एक ओळ लिहिताना जो विचार डोक्यात आला तो आजपर्यंत गेलेला नाही, आणि हा लेख मुख्यतः त्या विचारासाठी आहे.

पोटनोंदीसाठी जे सोपे लेखन अनेक नव्या एस्क्यूएल भाषांनी स्वीकारले आहे, ते स्वल्पविरामाचे आहे. सोपे आहे म्हणून सगळे तेच लिहितात. आणि त्याचा अर्थ असा ठरवलेला आहे की रिकाम्या पोटाची नोंद टाकून द्यायची. गूगलच्या बिगक्वेरीत असाच अर्थ आहे, एस्क्यूएल प्लस प्लसमध्ये असाच आहे, पोस्टग्रेसमध्येही. ज्याला नोंद ठेवायची आहे त्याने लांब वाक्य लिहायचे, आणि ज्याला याचे भान नाही त्याची नोंद गुपचूप जाणार. माझे मत याच्या उलट आहे. जे लेखन सर्वांत आखूड आहे त्याचा अर्थ सर्वांत कमी गमावणारा असावा. वरची नोंद टाकायची असेल तर तसे लिहायला लावावे, एक शब्द जास्त पडला तरी चालेल. गणिताच्या दृष्टीने स्वल्पविराम म्हणजे गुणाकार, आणि शून्याशी गुणले की शून्य, हे मला समजते. पण क्वेरी लिहिणारा माणूस फ्रॉम ओळीत गुणाकार म्हणून काही लिहीत नसतो, तो वावर आणि त्यातली पिके असे म्हणत असतो, आणि मराठीत ‘वावर आणि त्यातली पिके’ म्हटले की पडीत वावर त्यातून वगळले जात नाही.

मी एकटीच असा विचार करते असे नाही, हे कळले तेव्हा फार बरे वाटले. २०१६ च्या प्रमाण एस्क्यूएलमध्ये जेसन टेबल नावाची रचना आहे. जेसनच्या झाडातून सपाट टेबल काढायचे असेल तर तिच्यात नेस्टेड पाथ लिहून कोणत्या फांदीत शिरायचे ते सांगता येते. वेगळे काही सांगितले नाही तर तिचे दोन नियम आहेत. पोटात काही नसले तरी वरची नोंद राहते. आणि दोन सख्ख्या फांद्या एकमेकींशी गुणल्या जात नाहीत. आधी एका फांदीच्या रांगा येतात, मग दुसरीच्या, आणि दुसऱ्या फांदीचे रकाने तेवढ्यापुरते रिकामे राहतात. गट ११८ची सगळी नोंद जेसनमध्ये असेल आणि मिश्र पिकाच्या आत आणखी उतरायचे नसेल, तर उत्तर सहा रांगांचे येते, तीन भावांच्या तीन आणि पिकांच्या तीन. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज घेतली की २ हेक्टर ४० आर. पिकांची घेतली की ३ हेक्टर २० आर. पोस्टग्रेसमध्ये ही रचना २०२४ साली, सतराव्या आवृत्तीत आली. ती आली त्या आठवड्यात मी गट ११८ तिच्यातून काढून पाहिला आणि सहा रांगा मोजल्या. माझ्या दोन्ही दुखण्यांवरचा उपाय कुणीतरी नियम म्हणून आधीच लिहून ठेवला होता. माझी इच्छा एवढीच आहे की हे दोन नियम जेसनपुरते राहू नयेत. अ‍ॅरे असो, मल्टीसेट असो की फ्रॉम ओळीतला स्वल्पविराम असो, पोटनोंद दिसली की हेच नियम लागावेत.

रिकामेपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण उलट दिशेने, म्हणजे सपाट रांगांतून पोटनोंद बांधताना, तीच जखम दुसऱ्या बाजूने उघडते. पडीत वावराची पिके गोळा करायला सांगितली तर पोस्टग्रेस तीन वेगवेगळी उत्तरे देऊ शकते. पोटक्वेरीतून जेसन गोळा करणारे फंक्शन वापरले तर यादीच येत नाही, नल, म्हणजे मूल्यच नसल्याची खूण, येतो. पोटक्वेरीपुढे अ‍ॅरे लिहिले तर रिकामी यादी येते. आणि लेफ्ट जॉइन करून मग गटागटाने अ‍ॅरे गोळा केला तर एक घटक असलेली यादी येते आणि तो घटक नल असतो, म्हणजे मोजणाऱ्याला वाटावे की एक पीक आहे, फक्त नाव लिहायचे राहिले. आमच्या कामात या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. नल म्हणजे पाहणीच झाली नाही. रिकामी यादी म्हणजे पाहणी झाली, वावर पडीत आहे. तिसऱ्या रूपाचा अर्थ वावरात काहीतरी उभे आहे पण कोणते ते लिहिले नाही, असा होतो, आणि तो इथे खोटा आहे. तलाठ्यांच्या दप्तरात पाहणी न झालेले वावर आणि ‘पडीत’ लिहिलेले वावर यांत कुणाची कधी गल्लत झालेली मला आठवत नाही.

गूगलच्या ड्रेमेल प्रणालीवरचा २०१० चा शोधनिबंध वाचताना मला या बाबतीत मोठा दिलासा मिळाला होता. पोटनोंदी रकान्यारकान्याने सुट्या करून साठवायच्या आणि तरी मूळ झाड जसेच्या तसे परत उभे करता यायला हवे, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी ते प्रत्येक मूल्याबरोबर दोन लहान आकडे ठेवतात. एक आकडा सांगतो की हे मूल्य कोणत्या थरावर पुन्हा आले, म्हणजे नवे वावर सुरू झाले की त्याच वावरातले पुढचे पीक आहे. दुसरा आकडा सांगतो की वरून खाली येणारी साखळी कुठवर भरलेली आहे. वावरात पीकच नाही तरी त्या जागी नल लिहिला जातो आणि साखळी वावरापर्यंत आहे, पिकापर्यंत नाही, हे शेजारच्या आकड्यात राहते. पार्केट ही साठवणीची पद्धत, जी आज जगभर वापरली जाते, तिनेही हेच दोन आकडे घेतले. साठवणाऱ्यांनी एवढी काळजी घेतलेली आहे. विचारणाऱ्या भाषेने तेवढीच घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

मग सगळेच पोटनोंदीत का ठेवू नये? माझ्यासोबत काम करणारा एक तरुण मुलगा हे मला नेहमी विचारतो. त्याला मी दोन्ही रुमालांची गोष्ट सांगते. पिके वावराच्या पोटात ठेवली की वावराविषयीचे प्रश्न सोपे होतात, आणि या तालुक्यात तूर एकूण किती, हा प्रश्न अवघड होतो, कारण त्यासाठी प्रत्येक वावराचे आणि प्रत्येक मिश्र पिकाचे पोट उघडावे लागते. वावरे माणसाच्या पोटात ठेवली तर तीन भावांचे गट ११८ तीन ठिकाणी लिहावे लागते, आणि एका भावाने हिस्सा विकला की फेरफार तीन ठिकाणी. कॉड यांचे म्हणणे इथे अजूनही खरे आहे. म्हणून मी हळूहळू पिकांची टेबले वेगळी केली, जेसनबीचा रकाना फक्त आलेल्या अर्जाची मूळ प्रत म्हणून ठेवला, आणि त्या टेबलांवर दोन व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या क्वेरी, बांधले. एकात वावर वर आणि त्याच्या पोटात खातेदारांची एक यादी व पिकांची दुसरी यादी आहे, दोन्ही स्वतंत्र पोटक्वेरींतून बांधलेल्या, म्हणजे गुणाकाराला वाव नाही. दुसऱ्यात माणूस वर आहे आणि त्याच्या पोटात गट. त्यांची नावे मी ‘सातबारा’ आणि ‘आठअ’ अशीच ठेवली आहेत. बाबा आता नाहीत, पण ही दोन नावे त्यांच्या वाक्यावरूनच ठेवली आहेत.

भाषा वाढवणाऱ्यांकडून मला जे हवे आहे ते या दोन व्ह्यूंमध्ये दिसते. साठवण सपाट असेल, प्रश्न कोणत्याही टोकाकडून विचारता येईल, उत्तर मागणाऱ्याच्या उतरंडीत मिळेल, आणि ते उत्तर पुन्हा टेबल म्हणून पुढच्या क्वेरीला देता येईल. आज हे सगळे करता येते, पण त्यासाठी चार ओळींच्या जागी वीस ओळी लिहाव्या लागतात आणि त्या वीस ओळींत कुठे लेफ्ट राहिला, कुठे रिकामी यादी नल झाली, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

यंदा दसऱ्यानंतर पुन्हा यादी लागली. तीत दोन रकाने वाढवले आहेत: पाहणीची तारीख, आणि खरिपाचे पीक. पडीत वावरापुढे पिकाचा रकाना कोरा न सोडता तिथे ‘पडीत’ असा शब्द येतो. ते म्हातारे शेतकरी या वेळीही आले, दोरीचा चष्मा सावरत त्यांनी बोट वरून खाली नेले आणि आपल्या नावापाशी थांबवले. त्यांचे अर्धे वावर यंदाही पडीतच होते; नावासमोर सोयाबीन ४० आर आणि खालच्या ओळीत पडीत ४० आर असे छापलेले होते. त्यांनी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. मग दुसऱ्या ओळीवर नख टेकवून म्हणाले, “पुढच्या साली इथं तूर लिहिजो.”